साखर ठेवून गेलेला चोर

१

गुरुवारी सकाळी रागिणीने कपाटातला मोठा स्टीलचा डबा उचलला. डबा हलका लागला. झाकण उघडून पाहते तर आत ज्वारीचा एक दाणा नाही. तळाला मूठभर साखर तेवढी पसरलेली.

"मॅडम, इकडं या बरं लवकर," तिने हाक मारली. "हे काय होऊन बसलं पाहा!"

प्रियदर्शनी वानखडे धावत आली. डब्यात डोकावली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली. ती सहसा अशी बसणारी बाई नव्हती.

आता एका डबाभर ज्वारीसाठी एवढं काय, असं कोणालाही वाटेल. म्हणून थोडं मागे जायला हवं. अमरावतीच्या कॅम्प भागातल्या त्या बंगल्यात 'सोबत' नावाच्या संस्थेचं ऑफिस होतं. वऱ्हाडातल्या गावांत शेती-पाण्याची कामं करता करता ही संस्था थेट दक्षिण सुदानात जाऊन पोचली होती. अमरावतीत कोणाला हे सांगितलं की तो आधी हसायचा आणि मग तिथे पगार किती मिळतो ते विचारायचा. पण कारण साधं होतं. तिथली माती काळी, आपल्यासारखीच. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, पावसात गाडी रुतली की रुतलीच. या मातीशी झगडलेली माणसं तिथल्या मदतसंस्थांना हवी होती. प्रियदर्शनी तिथली सगळी कामं सांभाळायची. बियाणं, विहिरी, धान्याची कोठारं, शिवाय वाटेतल्या बंदूकवाल्यांशी गोड बोलणं, हे सगळं तिच्या कामात आलं. वर्षातला बराच काळ ती तिथे असायची आणि उरलेला अमरावतीत आईजवळ.

तिथल्या एका गावात पुराचं पाणी शिरत होतं तेव्हा अचोल नावाच्या बाईने घरातलं बाकी सगळं सोडलं आणि ज्वारीचं बी तेवढं उचललं. उंच वाढणारी, पाण्यात उभी राहणारी ती त्यांची जुनी ज्वारी होती. त्यातलं थोडं प्रियदर्शनीच्या हातात देऊन ती म्हणाली, "पाणी उतरलं की परत आण." तिच्याजवळ उरलेलं बी पुढे निर्वासितांच्या छावणीत भिजून कुजलं. प्रियदर्शनीने मात्र आपलं बी रीतसर परवाने काढून वऱ्हाडात आणलं आणि बाळापूरच्या सूर्यभान माळोकारांच्या शेतात दरवर्षी पेरून जिवंत ठेवलं. यंदा पाखरांनी कणसं अशी साफ केली की हाती लागलं ते एका डब्यात मावलं.

आणि यंदाच पाणी उतरलं होतं. अचोलचं गाव परतलं होतं. तिकडे मे महिन्यात पेरणी, आणि प्रियदर्शनीचं विमान रविवारी. बी गेलं नाही तर गावाचा हंगाम चुकणार आणि पुढचं वर्षभर त्यांना मदतीच्या पोत्यांकडे डोळे लावून बसावं लागणार. शिवाय तिने अचोलला शब्द दिला होता.

ऑफिसातली माणसं डब्याभोवती जमली. बियाण्याचं काम पाहणारा अकोल्याचा पियुष गावंडे म्हणाला, "चोर मस्करी करून राहिला. बी नेलं अन् वरून तोंड गोड करा म्हणते."

"कुलूप जसंच्या तसं आहे," संचालक अनुप तायडे म्हणाले आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. "म्हणजे हे घरातल्याच माणसाचं काम."

"सर, आधी झाकण तर लावा," रागिणी म्हणाली. "मुंग्या लागतील."

"नाई लागत मुंग्या त्या साखरेले," दारातून आवाज आला.

प्रियदर्शनीची आई इंदूबाई रोजच्यासारखी लेकीचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. निवृत्त शिक्षिका, लेक इथे असली की तिचा अर्धा दिवस ऑफिसच्या स्वयंपाकघरात चहा करण्यात आणि सगळ्यांची चौकशी करण्यात जायचा. आज मात्र तिने डबा टेबलावर ठेवला आणि चहाला न थांबता निघून गेली. ऊनही तसं फार होतं.

२

"पोलिसांत देऊ," अनुप म्हणाले.

"शनिवारी दुपारपर्यंत थांबा, सर," प्रियदर्शनी म्हणाली. "आणि ही गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका. बाळापूरलाही कळवू नका. त्यांनी जिवापाड जपलेलं बी आहे."

"थांबतो. पण शनिवारी मी नाव लिहून देणार." नाव कोणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही. पियुषकडे मात्र पाहिलं.

दक्षिण सुदानातल्या गोदामांतून प्रियदर्शनीने तेल, साबण, ताडपत्र्या आणि एकदा तर अख्खा जनरेटर नाहीसा होताना पाहिला होता. चोर कोण, असं विचारलं की सगळे कानांवर हात ठेवतात, हे ती तिथेच शिकली. मग तिने विचारायची पद्धतच बदलली. नवं काम सुरू करण्याआधी गावात फिरून गरजांची पाहणी करतात, तशीच ती चोरीतही करायची. वस्तू गेल्याने कोणाची कोणती गरज भागली, एवढं कळलं की वस्तू सापडायची. ताडपत्र्या सापडल्या होत्या त्या शाळेच्या उडालेल्या छपरावर. तिने त्या तिथेच राहू दिल्या होत्या.

पहिली पाळी रागिणीची. माल पाठवण्याची सगळी व्यवस्था तिच्याकडे असायची.

"रागिणी, बी गेल्याने तुझं काय भागलं?"

"मायं?" रागिणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मॅडम, परवाने मी काढले, रोगमुक्तीचा दाखला मी आणला, विमानवाल्यांशी भांडण मी केलं. मायं तर वाटोळं झालं. राग होता मले, ते खोटं नाई सांगत. मी म्हणत होती, बी जुबाच्या विमानतळापर्यंत न्या, तिथून अचोलबाई स्वतः नेतील. तुमीच ऐकलं नाई."

ते खरं होतं. जुबा ही तिथली राजधानी, आणि तिथून पुढे गावापर्यंत स्वतः जाऊन बी द्यायचं, हा प्रियदर्शनीचा हट्ट होता.

"डबा शेवटचा कधी पाहिलास?"

"सोमवारी. भरलेला होता. त्याच्यानंतर कपाट उघडायचं कामच नाई पडलं."

"किल्ली?"

"ते तर स्वयंपाकघरात खिळ्याले. समद्यांले माहीत हाय."

"मधल्या दिवसांत बाहेरचं कोणी आलं होतं?"

"बाहेरचं कोनी नाई. सूर्यभानकाका तेवढे ठिबकच्या नळ्या न्यायले दोनदा आले. मंगळवारी अन् बुधवारी. कपाटाकडं तर ते फिरकलेही नाईत. इंदूमावशीनं चहा करून दिला, तो पिला अन् गेले."

मग पियुष. त्याच्या कपाळावर घाम होता आणि कूलर तर त्याच्याच तोंडावर चालू होता.

"तू माझ्याकडे हे बी मागितलं होतंस," प्रियदर्शनी म्हणाली.

"मागितलं होतं. संशोधनासाठी. तुम्ही नाही म्हणाल्या, मले वाईट वाटलं. पण मॅडम, मले मूठभर पायजे होतं, डबाभर नाई." तो थांबला. "अन् चोरलेल्या बियाण्यावर मी काय लिहिणार? कुठून आणलं, हे पहिल्याच ओळीत सांगावं लागते."

शेवटी अनुप तायडे. एका बियाणे कंपनीने त्यांना संकरित ज्वारी फुकट देऊ केली होती आणि तीच सुदानात न्यावी, असं ते महिनाभर सांगत होते.

"म्हणजे संशय माझ्यावर?" ते हसले, पण पूर्ण नाही. "प्रियदर्शनी, मला ते बियाणं पाठवायचंच आहे, उघडपणे पाठवायचं आहे. तुझी ज्वारी पुरात टिकते, माझी जास्त पिकते. दोन्ही घेऊन जा, हेच तर मी म्हणतोय. त्यासाठी चोरी कशाला करू?"

तिघांचीही गरज बी असण्यात होती, नसण्यात कोणाचीच नव्हती. प्रियदर्शनीने डोक्याला हात लावला.

३

दुपारी जेवताना एक क्षुल्लक गोष्ट घडली.

आदल्या दिवशी इंदूबाईने रागिणीला वाटीभर कैरीचा तक्कू दिला होता. रागिणीने ती वाटी घासूनपुसून प्रियदर्शनीच्या पिशवीत ठेवायला आणली. वाटीत गुळाचा खडा होता.

"हे काय?"

"रिकामं भांडं कसं परत देऊ?" रागिणी म्हणाली. "घरात दुसरं काही नव्हतं, म्हनून गूळ टाकला."

प्रियदर्शनीच्या हातातला घास हातातच राहिला. ती उठली, चोरीचा डबा आणला आणि साखर एका कागदावर ओतली. साखरेबरोबर तळाशी दडलेल्या दोन लवंगा घरंगळत बाहेर आल्या. साखरेच्या डब्यात मुंग्या येऊ नयेत म्हणून काही घरांत लवंगा टाकतात, हे तिला ठाऊक होतं. पण तिचं डोकं तेव्हा भलतीकडेच धावत होतं.

"पियुष, रागिणी, दोघं इकडे बसा," ती म्हणाली. "मला सांगा, तुम्हाला बी चोरायचं असेल तर काय कराल?"

"पिशवीत ओतून घेऊन जाईन," पियुष म्हणाला. "डबा तिथंच."

"बरोबर. किंवा डब्यासकट नेशील आणि परत येणारच नाहीस. इथे डबा गेला आणि परतही आला. येताना साखर घेऊन आला. ही मस्करी नाही. कोणीतरी भांडं परत केलंय."

रागिणी हातातल्या वाटीकडे पाहत राहिली.

"आता पुढचं," प्रियदर्शनी म्हणाली. तिचा आवाज हळूहळू चढत होता, कारण तिला आता मजा वाटायला लागली होती. "चोरीचं भांडं कोणी असं रीतीने परत करतं का? नाही. भांडं परत करणाऱ्याला वाटतं की आपल्याकडे ते कोणीतरी प्रेमाने पाठवलंय. म्हणजे माणसं दोन आहेत. एकाने बी दिलं आणि दुसऱ्याने घेतलं. घेणाऱ्याला चोरी झाल्याचा पत्ताच नाही, आणि ज्याने डबा कपाटात परत ठेवला त्याने तो उघडून पाहिलाच नाही. पाहिला असता तर साखर काढून टाकली असती."

"म्हणजे बी शाबूत असन?" पियुषने विचारलं. त्याचा चेहरा आज पहिल्यांदा उजळला.

"ज्या घरात मूठभर साखर घालून भांडं परत करतात, त्या घरात पाहुण्या बियाण्याचं पीठ होत नाही. पण असं घर कोणतं, ते कुठे शोधायचं?"

ते घर सापडेपर्यंत निदान माळोकारांच्या घरी चिमूटभर बी उरलंय का, एवढं तरी पाहून यावं, असं तिने ठरवलं.

४

शुक्रवारी ती रेल्वेने अकोल्याला उतरली. पियुष स्टेशनबाहेर गाडी घेऊन उभा होता. रात्रभर झोपला नसावा. बाळापूरच्या रस्त्याला लागल्यावर मागे न पाहता तो म्हणाला, "मॅडम, सर मायंच नाव देतील ना?"

"दिलं तर मी माझंही देईन. चल."

बाळापूर तिच्या लहानपणीचं गाव. इंदूबाईची बरीच नोकरी तिथल्या शाळेत झाली होती. तेव्हा वानखड्यांच्या भिंतीला भिंत लावून माळोकारांचं घर होतं, आणि इंदूबाई आणि सूर्यभानकाकांची बायको सुभद्रा यांची मैत्री तेव्हापासूनची. किल्ल्याचा बुरूज दिसला तशी प्रियदर्शनीला नेहमीप्रमाणे भूक लागली.

"ये वं ये, प्रिया!" सुभद्राबाई दारातच भेटल्या. "आज कशी काय वाट चुकली? अन् हा कोन? बस गा पोरा. उन्हाचे आले, आधी पानी प्या." सूर्यभान शेतावर गेले होते. सुभद्राबाईंनी पाणी दिलं, पंखा यांच्याकडे वळवला आणि चहा टाकला.

बियाण्याचा विषय कसा काढावा, हे प्रियदर्शनीला सुचेना. तोवर पियुषने कपात साखर कमी आहे म्हणून सुभद्राबाईंनी पुढे केलेल्या डब्यात चमचा घातला आणि चमच्यात साखरेबरोबर लवंग आली.

प्रियदर्शनी त्या लवंगेकडे पाहत राहिली. मग तिला ऑफिसातली गुरुवारची सकाळ आठवली. रागिणी म्हणाली होती, मुंग्या लागतील. आणि दारातून कोणीतरी म्हणालं होतं, नाई लागत मुंग्या त्या साखरेले. तोवर लवंगा कोणीही पाहिल्या नव्हत्या. त्या साखरेच्या तळाशी होत्या.

तिचा चहा तसाच राहिला.

"मावशी," ती म्हणाली, "बी कुठे ठेवलंय?"

"कुठं म्हंजे? नीट ठेवलं हाय बाप्पा." सुभद्राबाई आतून मातीचं मडकं घेऊन आल्या. तोंडाला फडकं बांधलेलं, आत कडुनिंबाचा पाला आणि राखेत घोळलेली टपोरी लालसर ज्वारी. पियुषने हात जोडले. बियाण्याला की मडक्याला, ते त्यालाच ठाऊक. "डबा पोचला ना तुमचा? याइच्या हाती बुधवारीच पाठवला मी. स्टीलच्या डब्यात इतकं तापते, बी त्याच्यात नाई ठेवत मी."

"पोचला."

"मंग? चेहरा काहून उतरला वं तुया? तूच पाठवलं ना बी, जपून ठेवा म्हनून? निरोप तर तसाच होता."

"निरोप कोणी दिला, मावशी?" प्रियदर्शनीने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. तरी ते ऐकू नये असं तिला फार वाटलं.

५

शनिवारी दुपारी सगळे ऑफिसात जमले. टेबलावर सुभद्राबाईंच्या जुन्या लुगड्याची पिशवी होती आणि पिशवीत बी. रागिणीने ते वजन न करताच कुशीत घेतलं.

"सापडलं हे उत्तम," अनुप म्हणाले. "पण नेलं कोणी?"

"सांगते." प्रियदर्शनी उभी राहिली. "साखरेत लवंगा होत्या, तशीच साखर माळोकारांकडे आहे. डबा सूर्यभानकाकांबरोबर मंगळवारी गेला आणि बुधवारी आला. पण काकांनी कपाटाला हात लावला नाही. त्यांना तो इथल्याच माणसाने दिला आणि परत घेऊन कपाटात ठेवला. माळोकारांसारखी माणसं असं बी कोणाच्याही सांगण्यावरून ठेवून घेणार नाहीत. पियुषने दिलं असतं तर त्यांनी मला फोन करून खात्री केली असती. सर, तुम्ही दिलं असतं तरीही. ज्याचा शब्द त्या घरात कधीच तपासून घेत नाहीत, अशा माणसाने ते दिलं. ते माणूस स्वयंपाकघरात किल्लीजवळ सहज उभं राहतं, काकांना चहा देतं. आणि साखर नुसती दिसताच ती कोणाच्या घरची, हे त्याने ओळखलं."

एवढं सगळं घडाघडा सांगितल्यावर नाव मात्र तिच्या तोंडातून येईना.

"मी नेलं," दारातून इंदूबाई म्हणाली.

तिच्या हातात जेवणाचा डबा होता. ती आत आली, डबा टेबलावर ठेवला आणि पियुषकडे वळली. "पोरा, तुयावर आळ येईन, हे माया ध्यानात आलं नाई. माफ कर मले." पियुष इतका गोंधळला की तोच तिच्या पाया पडला.

"माय, काहून?" प्रियदर्शनीने विचारलं. चारचौघांत ती आईशी वऱ्हाडीत बोलायची नाही, आज बोलली.

"तू मले सांगतलं का, तिथं पुन्हा गोळीबार सुरू झाला म्हनून? गॅलरीत उभी राहून इंग्रजीत बोलते. तुले वाटते, मायले समजत नाई. साऱ्या तालुक्याच्या पोरांले शिकवलं मी! रस्ता बंद हाय, नावेनं जावं लागन, नावेवर गोळ्या झाडल्या, समदं ऐकलं. मले वाटलं, बी नसलं तं तू नाई जाणार. बी काही मरत नाई, सुभद्रा जपते. पुढच्या साली जाशील."

"पुढच्या साली?" प्रियदर्शनीचा आवाज चढला. "माय, तिथे एक हंगाम चुकला की काय होतं, माहीत आहे? गावातली लेकरं वर्षभर रांगेत उभी राहतात. पोतं आलं तर जेवतात, विमान नाही उतरलं तर नाही जेवत!"

इंदूबाई खाली बसली.

"हे मले कोनी सांगतलंच नाई," ती म्हणाली. "तू घरी येते तं म्हनते, सगळं छान चालू हाय. मले वाटलं, बाकी बी असन त्याइच्याजवळ."

प्रियदर्शनीला एकदम ओशाळल्यासारखं झालं. जगातल्या कुठल्या गावात कोणाला काय हवं, हे विचारत ती फिरली होती, आणि आपल्याच घरच्या बाईला तिने ते कधी विचारलं नव्हतं. ती आईशेजारी जमिनीवर बसली.

"तुला काय पाहिजे, माय?"

"तू जाऊ नको, असं मी नाई म्हनत. गेल्याशिवाय तुले चैन नाई पडत, ते दिसते मले. पन एक सांग. बी कोनाचं?"

"अचोलचं."

"मंग नावेत तू काहून बसते? तिचं गाव, तिची नदी, कुठं थांबायचं अन् कुठं पळायचं ते तिले ठाऊक. तू विमानतळावर तिच्या हाती दे. ते इतकी वर्सं पुरात जगली अन् स्वतःचं बी घरी नेता येणार नाई का तिले?"

रागिणीने खोकल्याचं नाटक केलं. ती महिनाभर हेच सांगत होती. अनुप खिडकीबाहेर पाहू लागले, कारण संस्थेच्या प्रत्येक अहवालात हेच वाक्य जरा जड मराठीत छापलेलं असायचं आणि ते त्यांनीच लिहिलेलं होतं.

प्रियदर्शनीने तिथेच फोन लावला. अचोलला सगळी हकीकत सांगताना ती डब्यापाशी आली, साखरेपाशी आली, आणि तिकडून इतक्या मोठ्याने हसू आलं की फोन टेबलावर असूनही सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय म्हनते ते?" इंदूबाईने विचारलं.

"म्हणते, मी स्वतः जुबाला येते. गावाजवळून आता मदतीचं छोटं विमान पुन्हा सुटायला लागलंय. मला आधीच का नाही बोलावलं, असं विचारते. आणि तुझ्या आईला सांग म्हणते, मीसुद्धा माझ्या पोरीची चप्पल लपवून ठेवते."

इंदूबाई आधी हसली आणि मग पदराने डोळे पुसले.

"पण इंदूमावशी," पियुषला राहवलं नाही, "तुमी डबा कपाटात ठेवताना उघडून काहून नाई पाहिला? साखर नसती तर आमाले बापजन्मात कळलं नसतं."

"तेच तं!" इंदूबाईने कपाळावर हात मारून घेतला. "घाईत सरकवला अन् निघाली. अन् गुरुवारी साखर दिसली तशी पायाखालची जमीनच सरकली. एवढी वर्सं मी अन् सुभद्रा भांडे देऊन घेऊन राहिलो. तिनं कधी रिकामं परत देल्लं का, जे आता देईन? चोरी करायले गेली अन् सुभद्रालेच विसरली."

अनुप तायडेंनी पोलिसांसाठी लिहिलेला कागद फाडला. त्यावर कोणाचं नाव होतं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. पियुषला त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने चहा करून दिला, आणि तो फार वाईट झाला होता.

६

रविवारी प्रियदर्शनी गेली. जाताना बी पुन्हा त्याच स्टीलच्या डब्यात भरलं, कारण विमानात मडकं चालत नाही. एक मूठ मात्र सुभद्राबाईंनी बाळापूरला मागे ठेवून घेतली. बी घरातून निघालं की मूठभर मागे ठेवायचं, अशी त्यांच्याकडे रीतच होती. त्याच मुठीतलं चिमूटभर पियुषला संशोधनासाठी मिळालं. अचोलनेच फोनवर परवानगी दिली.

जुबाच्या विमानतळावर अचोल आली, डबा डोक्यावर घेतला आणि छोट्या विमानाने गावी गेली. नावेत कोणालाच बसावं लागलं नाही. पेरणी वेळेवर झाली. पुढचं काम प्रियदर्शनीने जुबातूनच पाहिलं आणि रोज संध्याकाळी आईला फोन करून खरंखुरं सगळं सांगितलं. गोळीबार झाला तर झाला म्हणून सांगितलं. त्यामुळे इंदूबाईला रात्री झोप यायला लागली, याचं प्रियदर्शनीला नवल वाटलं.

काही आठवड्यांनी ती परत आली. बॅगेतून तिने तो डबा काढला आणि आईपुढे ठेवला. "अचोलने गावाहून जुबाला येणाऱ्या माणसाबरोबर परत पाठवला. मी उघडलेला नाही."

इंदूबाईने झाकण काढलं. आत भाजलेले तीळ होते, मूठभर, एका फडक्यात नीट बांधलेले.

तिने चार दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावले.

"चांगल्या घरची दिसते वं बाई," मग ती म्हणाली.

तिने तीळ वाटीत काढून घेतले, डबा घासला, पुसला आणि उन्हात पालथा घातला. जेवणं झाली. भांडी आवरून झाली. मग तो डबा उचलून ती लेकीजवळ येऊन बसली आणि झाकण उघडून आत पाहत तिने विचारलं, "आता पुढच्या वक्ती तू जाशीन, तवा ह्याच्यात काय भरून देऊ?"